रात्री दोनला जाग येते अन् देवापुढे मन लागत नाही

या वेळचं पत्र नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका ताईंचं आहे. वय ५४. नाव छापू नका म्हणाल्या, तसंही छापणार नव्हतेच. पत्र चांगलं आठ पानी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या, सगळं यांनीच केलं, पौषात त्या गेल्या. फेब्रुवारीत मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला. ३१ मार्चला मिस्टर रिटायर झाले. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"घरात आता कामच उरलं नाही. सकाळी पूजा करते पण नुसते हात चालतात. आधी वर्षातून तीन पारायणं व्हायची, एक कान आईंच्या खोलीकडे ठेवून का होईना पण व्हायची, आता पोथी उघडली की दुसऱ्या ओळीलाच लक्ष उडतं. रोज रात्री दोनला जाग येते. मैत्रिणी म्हणतात किटी जॉईन कर, मुलगा म्हणतो तुम्हा दोघांचं चारधामचं पॅकेज बुक करतो, हे मागच्या रविवारी काटोलच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात जाऊन आले अन् म्हणाले झाडांनी माना टाकल्यात, विकून टाकू. मला काहीच नको वाटतं. माझी श्रद्धा संपली का? की देव रागावला? (आई गेल्या त्या रात्री मला आधी सुटल्यासारखं वाटलं, रडू नंतर आलं.)"

ताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. नवतपा लागलाय, कडक उन्हाचे ते नऊ दिवस, दुपारी बारा ते पाच डोकं चालतच नाही बाप्पा, कूलरसमोर ओला पंचा घेऊन पडायचं तेवढं जमतं. आणि खरं सांगू का, पहिल्यांदा वाचलं तेव्हा काय लिहावं तेच सुचलं नाही. चार दिवसांनी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की सात पानं तुम्ही श्रद्धेबद्दल लिहिलीत आणि जे बोलायचं होतं ते एका ओळीत, तेही कंसात, कागद उरला म्हणून लिहिल्यासारखं. मी तिथूनच सुरू करते.

सुटल्यासारखं वाटलं, तर वाटणारच ना. सहा वर्षं दर दोन तासांनी कूस बदलायची, कारण नाही बदलली तर पाठीला जखमा होतात, मग ड्रेसिंग, मग ताप, हे ज्याने केलं त्यालाच माहीत. तुम्हीच लिहिलंय की या सहा वर्षांत एक लग्न धड अटेंड केलं नाही, हळदीला गेलात तर अक्षतांना नाही अन् अक्षतांना गेलात तर जेवायच्या आत घरी. डोक्यावरची पाटी उतरवली की मान आधी हलकी होते, पाटीत काय होतं, कोणाचं होतं, ते मानेला कुठून कळणार! त्यात प्रेम कमी होतं असं कुठे आलं?

माझंच एक सांगते, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. माझं माहेर नरखेडकडचं. आई शेवटची दोन वर्षं झोपून होती, सगळं वहिनीने केलं, मी पोटची पोरगी असून पंधरा दिवसांतून एकदा जायचे, आईजवळ तासभर बसायचे, रडायचे, अन् परतताना पिशवीभर संत्री घेऊन बसमध्ये बसायचे. आई गेली त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून खाली बसली अन् म्हणाली, "झालं बाई." एवढंच. मला इतका राग आला त्या शब्दाचा की तेरवीपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही, वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलंही की पाहा, हिला मोकळं झाल्यासारखं वाटून राहिलं. अकरा वर्षं झाली त्याला. मधे कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की तिने "झालं" म्हणावं एवढं तिच्या हातून खरंच झालं होतं, माझ्या हातून काहीच झालं नव्हतं, अन् राग त्याचा होता. तुमचा कंस वाचला आणि मला वहिनीच दिसली.

देव रागावला का, तर ताई, सुटल्यासारखं वाटलं म्हणून रागावतो तो देव नव्हे, ती तेरवीला आलेली चुलत सासू. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

आता श्रद्धेचं. मन लागत नाही म्हणता, पण ते तेव्हा तरी पूर्ण लागत होतं का? एक कान आईंच्या खोलीकडे असायचा हे तुमचंच वाक्य आहे. म्हणजे तेव्हाही पोथीत अर्धंच मन होतं, फक्त उरलेलं अर्धं कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं म्हणून त्याचं काही वाटलं नाही. मला विचाराल तर तुमची श्रद्धा पोथीत कमी अन् त्या खोलीत जास्त होती. पेजेच्या वाटीत होती, खोबरेल तेलाच्या बाटलीत होती, रात्री उठून एअर बेडच्या मोटरवर हात ठेवून चालू आहे की बंद पडली ते बघायच्या सवयीत होती. ते सगळं सामान भाड्याचं, तेरवीनंतर परत गेलं, टाईल्सवर पलंगाच्या पायांचे चार डाग तेवढे राहिले असं तुम्ही लिहिलंय. हात रिकामे झालेत ताई तुमचे, आणि त्याला तुम्ही श्रद्धा संपली म्हणून राहिलात. दोन्ही वेगळं आहे.

दोनला जाग येते त्याचं तर मला नवलच वाटलं नाही. दोन म्हणजे आईंची कूस बदलायची वेळ. आई गेल्या हे तुम्हाला कळलं, घरच्यांना कळलं, रेशन कार्डालासुद्धा कळलं असेल एव्हाना, शरीराला कळायचंय अजून. आयुर्वेदात ऋतुसंधी म्हणून एक गोष्ट सांगतात, जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस अन् येणाऱ्याचे पहिले सात. या चौदा दिवसांत जुन्या ऋतूचं खाणंपिणं हळूहळू सोडायचं अन् नव्याचं हळूहळू धरायचं, कारण अंगवळणी पडलेलं एकदम सोडलं तर त्यानेच दुखणं येतं. दोन महिन्यांच्या ऋतूची सवय मोडायला चौदा दिवस म्हणतात म्हटल्यावर सहा वर्षांच्या ऋतूला किती ते तुम्हीच बघा! अन् तुमचं तर तीन महिन्यांत तीन ऋतू बदलले, सून म्हणून होतं ते संपलं, पोरगा रोजच्या डब्यातून गेला, नवरा दिवसभर घरी आला.

म्हणून माझं म्हणणं, सगळं एकदम सोडू नका. दोनला जाग आली तर उठा, मोबाईल मात्र हातात घेऊ नका, पाणी प्या, आईंच्या खोलीत एक चक्कर मारा, वाटलं तर पलंग होता तिथे दोन मिनिटं बसा अन् परत येऊन पडा. त्यांची चार वाजताची पेजेची वेळ असेल तर त्या वेळेला कोणालातरी काहीतरी खायला द्या, कामवाल्या ताई असतील, वॉचमन असेल, नाहीतर गच्चीवर पक्ष्यांचं पाणी बदला, या उन्हात दुपारपर्यंत ते उकळतं नुसतं. ती वेळ रिकामी ठेवू नका. बाकीच्या ठेवा रिकाम्या, चालतं.

हे ठेवा रिकाम्या मी मुद्दाम सांगते कारण मी नेमकं उलटं केलं होतं. शाळेतून रिटायर झाले अन् आठवड्याच्या आत सकाळी योगा, दुपारी कॉम्प्युटर क्लास, संध्याकाळी भजनी मंडळ असं सगळं लावून घेतलं, जणू टाइमटेबल भरलं नाही तर हेडमास्तर बोलवतील. घरी कोणी चहाला बसलं तर मी घड्याळ बघायचे. दिवाळीपर्यंत तिन्ही सुटलं, योगाचे पैसे वाया गेले ते वेगळे, आणि सुनेशी त्या चार महिन्यांत जितकी भांडले तितकी आधीच्या सहा वर्षांत भांडले नव्हते. किटीला जायला माझी ना नाही, पण मैत्रिणी म्हणतात म्हणून जाऊ नका. चारधामही चांगलंच आहे, दारं अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला उघडतात, पुढच्या वर्षीही उघडतील. मुलाला सांगा, पैसे ठेव बाबा, आई सांगेल तेव्हा बुक कर. तो तिकडे बसून काळजीपोटी करतोय, त्याच्यावर चिडू नका.

आता काटोलच्या बगीच्याचं, कारण इथे मला थोडं कळतं. तुमच्या मिस्टरांना म्हणावं, मे महिन्यात मृग बहाराच्या झाडांनी माना नाही टाकायच्या तर कधी टाकायच्या? पत्रात मृग बहार धरतो असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे बटईवाल्याने, वाट्याने बगीचा करणाऱ्याने, पाणी तोडलं असेल. त्याला ताण देणं म्हणतात. हलक्या जमिनीत लवकर बसतो, तुमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत महिना-दीड महिना लागतो. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात पण, नवीन माणसाला वाटतं झाड गेलं. मग मृग लागला, पाऊस झाला की त्याच झाडाला फूल येतं अन् फेब्रुवारी-मार्चमध्ये संत्रा हातात येतो. हे नोकरीवाल्या माणसाला नाही दिसत, यांचा दोष नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन, विहिरीजवळच्या एका झाडाची मला फार दया आली. त्याच्याखाली मी भातुकली खेळायचे. बाबांच्या चोरून रोज संध्याकाळी बादली-दोन बादल्या पाणी घालायचे, आठ-दहा दिवस तरी घातलं असेल. झाड कसं तरतरीत झालं, नवीन पोपटी पालवी फुटली, मी खूश. पुढे पाऊस आला, आजूबाजूची झाडं फुलांनी पांढरी झाली, वास असा की रात्री अंगणात झोपवत नव्हतं, अन् माझ्या झाडाला नुसती नवती, फूल एक नाही. बाबांनी खाली आळं बघितलं, माझ्याकडे बघितलं, मारलं नाही, पण म्हणाले, "तहान लागली होती त्याले, मरून नव्हतं राहिलं." त्या वर्षी त्या झाडाचा संत्रा आम्ही खाल्ला नाही.

म्हणून लोक तुमच्या मुळाशी बादल्या घेऊन आले की मला ते झाड आठवतं.

पण एवढंच लिहून थांबले तर मी खोटी ठरेन, कारण ताण जास्त झाला तर झाड खरंच वाळतं. पाऊस लांबला की दरवर्षी कोणाचा ना कोणाचा बगीचा जातो. तुमचं किती झालं ते मला इथे बसून कळणार नाही. म्हणून आधी एकदा डॉक्टरकडे जा, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन बघून घ्या. पाळी जायच्या वयात झोप अशीच उडते, त्याचंही बोला. सहा वर्षं घरात डॉक्टर येत होते पण तुमचा बीपी कोणी बघितला होता का, खरं सांगा. जेवण जाईना झालं, दोन-दोन आठवडे कशातच गोडी नाही, किंवा मरणाचे विचार यायला लागले तर मात्र थांबायचं नाही, मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवायचं, त्यात लाजायचं काय? टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्री दोनलासुद्धा उचलतात, मराठीत बोलतात. नंबर फ्रिजवर लावून ठेवा. यांच्यासाठीही लावा.

कारण ताई, आठ पानांत यांच्याबद्दल पाच ओळी आहेत, त्यातल्या तीन तक्रारीच्या, दिवसभर टीव्ही लावतात अन् चहा मागतात. बरोबर आहे, वैताग येतो. पण त्यांचीही आई गेली ना! आणि अडीच महिन्यांत ऑफिसही गेलं, ज्या माणसाला सकाळी साडेनऊला कोणीतरी साहेब म्हणायचं त्याला आता कोणी काही म्हणत नाही. बगीचा विकू म्हणतात तो मला तरी पैशाचा हिशेब वाटत नाही, डोळ्यासमोर मान टाकलेलं अजून काही नको असं वाटत असेल. एक बहार जाऊ द्या म्हणावं. त्यानंतर विकायचा तर खुशाल विका, संत्र्याचा बगीचा सांभाळणं सोपं नाही, विकण्यात पाप नाही. फक्त या वर्षी सही करू नका कशावर.

आणि जमलं तर दोघं मिळून जा काटोलला, एसटीने जा नाहीतर गाडीने, सकाळी लवकर. तोडा झाल्यावर झाडाच्या वाळलेल्या काड्या काढतात त्याला आमच्याकडे सल काढणं म्हणतात, तुमच्याकडेही तेच म्हणत असतील. थोडा हिरवा भाग धरून कापायची, नाहीतर वाळणं आत उतरत जातं, अन् कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचं, बुरशी लागू नये म्हणून. तुमच्या झाडांची काढायची राहिली असेल तर बटईवाल्याला विचारा, तो दाखवेल. यांच्या हातात कात्री द्या, तुम्ही मलमाचा डबा धरा. गप्पा नाही मारल्या तरी चालेल. संध्याकाळी गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर मागच्या रांगेत जाऊन बसा, विदर्भात बऱ्याच गावांत होते. आपलं मन लागत नसलं ना, की दुसऱ्यांच्या प्रार्थनेत बसावं, तिथे तुम्हाला काही करावं लागत नाही, आवाज आजूबाजूने चालू असतो. तुम्ही लिहिलं की एअर बेडची ती घरघर बंद झाल्यापासून झोप गेली अन् परवा कूलर लावला तेव्हा पहिल्यांदा सलग तीन तास झोपलात. तसंच काहीसं.

देवघराशी तुमचं जे आहे ते आहे, दिवा लावा, नाही मन लागलं तर उठा. पारायण या वर्षी नाही झालं तर नाही झालं. उत्तर लवकर सापडलं पाहिजे असं कुठे आहे? तुमच्या घरापासून दीक्षाभूमी काही लांब नाही. बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं. त्यांची गोष्ट फार मोठी होती, लाखो लोकांच्या आयुष्याची होती, आपली बरोबरी नाही त्यात, पण जुनं सोडलंय अन् नवं अजून घेतलं नाही अशा अवस्थेत एवढा माणूस एकवीस वर्षं राहिला, वाचत राहिला, तपासत राहिला, हे मला तिथल्या पायऱ्यांवर बसलं की दरवेळी आठवतं. तुम्हाला तर पाचच महिने झालेत.

हे लिहिता लिहिता काल रात्री मी वहिनीला फोन लावला. अकरा वर्षांचं एकदम कुठे बोलता येतं, मी आपलं विचारलं पाऊस कधी म्हणतात तिकडे, ती म्हणाली आभाळ येऊन राहिलं पण पडत नाही. मग मी म्हटलं, वहिनी, तू आईचं फार केलंस. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, जेवली का तू?

तुमच्या पत्राच्या शेवटी एक प्रश्न राहिला, आईंचा चष्मा देवघरात कोपऱ्यात ठेवलाय, तो तिथे चालतो का म्हणून. यांच्या आत्या नको म्हणाल्या म्हणता. चालतो. फक्त काचा पुसत जा अधूनमधून, या दिवसांत धूळ फार येते.